मुंबईहून फ्रँकफर्टला कुत्रा नेताना: रेबीजचे कागद, तारखा आणि खर्च

भारतातून कुत्रा किंवा मांजर युरोपात न्यायचं तर हाताशी निदान पाच महिने हवेत. नोकरीचं पत्र आठवड्यात येतं, व्हिसाही महिना-दीड महिन्यात होतो. प्राण्याच्या कागदांवरच्या तारखा मात्र ओळखीने किंवा पैशाने पुढे सरकत नाहीत, कारण त्या रेबीजचा विषाणू शरीरात कसा वागतो यावरून ठरलेल्या आहेत. चिंगी ही आमची देशी कुत्री, सहा वर्षांची, १९ किलोची. तिचं काम जानेवारी २०२४ मध्ये मुलुंडला सुरू केलं आणि ३ जुलैला ती फ्रँकफर्टला उतरली. मधल्या काळात लागलेली माहिती तुकड्यातुकड्यांनी आणि बरीचशी इंग्रजीत मिळाली, म्हणून ती इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी हे एवढं का, ते सांगतो. रेबीज आटोक्यात असलेल्या देशांच्या याद्या युरोपीय संघाने केल्या आहेत. भारत त्यांत नाही, म्हणून आपल्या प्राण्याला चिप आणि लस यांच्यावर एक रक्तचाचणी आणि तीन महिन्यांची वाट अशी जादा अट लागते. ती मला जाचक वाटली नाही. जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात, त्यांतली साधारण एक तृतीयांश भारतात, आणि जवळजवळ प्रत्येक मृत्यूमागे कुत्र्याचा चावा असतो. एकदा लक्षणं दिसू लागली की या रोगावर उपाय नाही. ज्या देशांनी पिढ्या खर्चून तो घालवला, ते दारात थांबवून तपासणारच.

पहिलं काम मायक्रोचिप, म्हणजे प्राण्याचा ओळख क्रमांक. २० जानेवारीला शनिवारी डॉक्टरांनी चिंगीच्या मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली चिप टोचली. चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि सुई जाड असली तरी भूल लागत नाही. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकडी चिपच घ्यायची. नऊ किंवा दहा आकडी जुन्या चिपा अजून कुठेकुठे मिळतात. त्या युरोपातल्या स्कॅनरवर वाचल्या जातीलच असं नाही, आणि मग चालणारा स्कॅनर तुम्हालाच सोबत न्यावा लागतो. टोचण्याआधी पाकिटातली चिप स्कॅन करून बघायची, टोचल्यावर पुन्हा. पाकिटात बारकोडचे पाच-सहा स्टिकर येतात, ते जपून ठेवा. लसीच्या पुस्तिकेवर, प्रयोगशाळेच्या फॉर्मवर, रक्ताच्या नळीवर तेच लागतात. हाताने १५ आकडे लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल होते आणि अर्ज तिथेच अडकतो. आम्ही चिपेला १,८०० रुपये दिले.

रेबीजची लस चिप टोचल्यानंतरच द्यायची. त्याच दिवशी दिली तर चालते, पण चिप आधी. चिपेच्या आधी घेतलेली लस, मग ती दरवर्षी नियमाने घेतलेली असो, युरोपच्या हिशेबात धरली जात नाही. कारण सरळ आहे: लस याच प्राण्याला दिली, याचा पुरावा फक्त चिपेचा क्रमांक देतो. चिंगी रस्त्यावरून आलेली. तिच्या कानाला नसबंदीच्या वेळची खाच आहे. नसबंदीच्या कार्यक्रमात कुत्र्यांना रेबीजची लसही देतात, पण त्या खाचेवरून कुठली लस, कुठला बॅच, कुठली तारीख हे काहीच कळत नाही. गल्लीतल्या लोकांसाठी ती मोलाची खूण आहे, विमानतळावर तिचा उपयोग नाही. एखाद्या वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या सत्तर टक्क्यांत धरायला ही खाच पुरेशी आहे.

लस निष्क्रिय विषाणूची असते, मात्रा एक मिलिलिटर, दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली. औषधाच्या दुकानातून घेऊन पिशवीत घालून नेऊ नका, दवाखान्याच्या फ्रिजमधलीच टोचून घ्या. गोठलेली किंवा उन्हात तापलेली लस टोचली तरी कागदावर सगळं ठीक दिसतं, आणि पुढे रक्तचाचणीत प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कमी निघतात. पुस्तिकेत कुपीवरचं मूळ स्टिकर हवं, त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत. शेजारी टोचल्याची तारीख, लस कधीपर्यंत वैध ती तारीख, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का. आपल्याकडच्या पुस्तिकांत 'पुढचा डोस' एवढाच रकाना असतो. 'वैध कधीपर्यंत' हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या, कारण युरोपच्या फॉर्ममध्ये तोच रकाना आहे.

पिल्लू असेल तर बारा आठवड्यांच्या आत दिलेली रेबीजची लस धरत नाहीत. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी युरोप मागत नाही, तरी त्या चालू ठेवा. डॉक्टर तंदुरुस्तीचा दाखला देताना पुस्तिका बघतातच, शिवाय प्रवासाच्या ताणात प्राण्याची प्रतिकारशक्ती खाली येते.

आमच्या डॉक्टरांनी १७ फेब्रुवारीला रेबीजचा दुसरा डोस दिला. नियमात तो सक्तीचा नाही. पण एकाच डोसवर रक्त दिलेल्या प्राण्यांपैकी काही चाचणीत नापास होतात. वर्षाच्या आतले कुत्रे आणि मोठ्या चणीच्या जाती यांच्यात हे प्रमाण जास्त असतं. नापास झालं की पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त, आणि तीन महिन्यांची मोजणी परत पहिल्यापासून. पाचशे रुपयांच्या डोसने ती जोखीम कमी होत असेल तर महिनाभर उशीर परवडतो. ज्यांची लस आधीपासून वर्षानुवर्षं नियमित आहे, त्यांचं एका डोसवरही सहसा भागतं.

आता टायटर टेस्ट. रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं किती आहेत ते ही चाचणी मोजते. आकडा दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवा. रक्त लस दिल्यापासून किमान ३० दिवसांनी काढायचं. प्रतिपिंडं साधारण चार ते सहा आठवड्यांत सर्वांत वर जातात आणि मग उतरायला लागतात. म्हणून तीस दिवस भरले की फार थांबू नका, तीन-चार महिन्यांनी रक्त दिलं तर काठावरचा प्राणी खाली घसरू शकतो.

चाचणी कशी होते हे कळलं की नमुन्याची काळजी का घ्यायची तेही कळतं. प्रयोगशाळेत सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, अर्धा तास ५६ अंशांवर तापवतात, मग टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात आणि प्रत्येक पातळीवर त्यात जिवंत रेबीज विषाणूचं ठरावीक प्रमाण घालतात. त्यावर पेशी सोडून ४८ तास ठेवतात. नंतर चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: विषाणू पेशींत शिरला असेल तर हिरवं चमकतं, प्रतिपिंडांनी त्याला निकामी केलं असेल तर अंधार. रक्तपेशी फुटून सीरम लाल झालं असेल तर ते पेशींना मारक ठरतं आणि निकाल देता येत नाही.

त्यामुळे रक्त द्यायचं ते रिकाम्यापोटी, सकाळी. साध्या, गोठू देणाऱ्या नळीत पाच मिलिलिटर. नळी हलवायची नाही, अर्धा तास तशीच उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळ्या नळीत काढायचं. एक मिलिलिटर पुरतं, आम्ही दोन पाठवलं. रक्त काढण्याआधी चिप पुन्हा स्कॅन करून तसं फॉर्मवर लिहून घ्यायचं. फॉर्मवरचा रक्त काढल्याचा दिनांक हा सगळ्या फायलीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. तीन महिने मोजतात ते याच दिवसापासून, अहवाल आल्याच्या दिवसापासून नाही.

चाचणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. फ्रान्समधल्या नॅन्सी इथली संस्था या प्रयोगशाळांची वेळोवेळी परीक्षा घेते आणि नापास झालेल्यांची मान्यता जाते, म्हणून यादी नमुना पाठवण्याच्या आठवड्यातच बघा. आम्ही जर्मनीतली प्रयोगशाळा निवडली.

रक्त २३ मार्चला शनिवारी काढलं. सोमवारी २५ तारखेला धुळवड, कुरिअर बंद. मंगळवारी पार्सल निघालं आणि तिकडे २९ मार्चला गुड फ्रायडे, १ एप्रिलला ईस्टर मंडे. नमुना प्रत्यक्ष दाखल झाला तो २ एप्रिलला. सीरम थंड ठेवलेलं असलं तर एवढ्याने बिघडत नाही, तरी दोन्हीकडची कॅलेंडरं आधी समोर ठेवावीत. पॅकिंग तिहेरी लागतं: गळणार नाही अशी नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस, दुसरा न गळणारा डबा, बाहेर कडक खोकं आणि आत जेलचे थंड पॅक. खोक्यावर इंग्रजीत 'एक्झेम्प्ट ॲनिमल स्पेसिमेन' असं लिहावं लागतं आणि सोबत डॉक्टरांचं पत्र, की प्राणी निरोगी आहे आणि नमुना केवळ प्रतिपिंडं मोजण्यासाठी आहे. नेहमीचे कुरिअरवाले सीरम म्हटलं की नाही म्हणतात. जैविक नमुने नेणारी सेवा आधी फोन करून ठरवावी लागते. प्रयोगशाळेची फी आणि कुरिअर मिळून आमचे २६ हजार गेले, त्यात मोठा वाटा कुरिअरचा.

अहवाल १६ एप्रिलला आला, २.६ एकक. ते दोन-तीन आठवडे सर्वांत जड गेले, कारण तोवर तिकीट काढता येत नाही, घरमालकाला तारीख सांगता येत नाही, आणि करण्यासारखं काहीही हातात नसतं.

आकडा चांगला आला तरी २३ जूनपर्यंत थांबायचंच होतं. इथे बरेच लोक चिडतात: प्रतिपिंडं दिसतात, मग वाट कशाला? रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेतून नसांत शिरतो आणि नसांवाटेच मेंदूकडे सरकतो. त्या प्रवासात तो रक्तात येत नाही, त्यामुळे रक्ततपासणीत सापडत नाही. एखाद्या कुत्र्याला लसीच्या आदल्या आठवड्यात पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असेल, तर त्याच्या रक्तात लसीची प्रतिपिंडं उत्तम दिसतील आणि नसेत विषाणूही असेल. कुत्र्यात चाव्यापासून लक्षणांपर्यंत बहुतेक वेळा काही आठवडे ते तीन-चार महिने जातात. लसीनंतरचे तीस दिवस आणि त्यावर हे तीन महिने मिळून तो काळ जवळजवळ भरून निघतो. लस काम करते याचा पुरावा चाचणी देते, आणि आत आधीच रोग दबा धरून नाही याचा पुरावा हे महिने देतात.

या तीन महिन्यांत पिंजऱ्याचं काम उरकून घ्या, सवयीला वेळ लागतो. विमान कंपन्या 'आयाटा' या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम लावतात. मापं अशी घ्यायची: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभ्या कुत्र्याची डोक्यापर्यंत किंवा ताठ कानांपर्यंत उंची. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं, रुंदी म्हणजे खांद्यांची दुप्पट, उंची म्हणजे कानांपर्यंतची उंची अधिक अंथरूण. चिंगीचं ६६ आणि ३० सेंटिमीटर, म्हणजे लांबी किमान ८१. मोठ्या पिंजऱ्याचे पैसे वाचवायला गेलेल्यांना काउंटरवरून परत पाठवल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना याहून दहा टक्के मोठा लागतो आणि बऱ्याच कंपन्या त्यांना घेतच नाहीत. दार धातूचं, वरचा-खालचा भाग धातूच्या नटबोल्टने जोडलेला, चारही बाजूंनी हवा, चाकं काढलेली, पाण्याचं भांडं बाहेरून भरता येईल असं. आम्हाला १७,५०० रुपये पडले. एप्रिलपासून पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेवला, जेवण आतच दिलं, जूनमध्ये ती रात्री आपणहून त्यात झोपायला लागली. गुंगीचं औषध देऊ नका. रक्तदाब आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता त्याने कमी होते, आणि गुंगीतला प्राणी विमान कंपनी घेत नाही.

तिकीट शक्यतो थेट विमानाचं. मधे यादीबाहेरच्या देशात थांबा असेल तर प्राणी विमानतळाच्या बंदिस्त भागातच राहिला असं वेगळं घोषणापत्र लागतं. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तो व्यापारी प्रवास धरला जातो आणि नियम बदलतात. चिंगी आमच्याच विमानात, सामानाच्या उबदार कप्प्यात होती. त्याचे ३४ हजार झाले. प्राण्यांसाठी जागा मोजक्या असतात, म्हणून आधी प्राण्याची जागा विचारायची आणि मग स्वतःचं तिकीट काढायचं.

शेवटचा टप्पा केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयाचा, ज्याला सगळे एक्यूसीएस म्हणतात. अशी कार्यालयं देशात मोजक्याच शहरांत आहेत, त्यांत मुंबई एक. युरोपचा आरोग्य दाखला तिथल्या सरकारी पशुवैद्यकाच्या सहीनेच चालतो, खाजगी डॉक्टरांच्या नाही. हा दाखला दिल्यापासून युरोपात तपासणी होईपर्यंत दहा दिवसच चालतो, त्यामुळे फार आधी घेता येत नाही आणि अगदी शेवटच्या दिवसावर ठेवणंही धोक्याचं. मसुदा आधी ईमेलने दाखवून ठेवला तर प्रत्यक्ष दिवशी दुरुस्त्या निघत नाहीत. फॉर्म इंग्रजी आणि ज्या देशात उतरणार त्याची भाषा अशा दोन भाषांतला घ्यावा लागतो, आमचा इंग्रजी-जर्मन होता. आम्ही दिलेले कागद: अर्ज, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या झेरॉक्स, लसीची मूळ पुस्तिका, चिपेचं प्रमाणपत्र, टायटरचा अहवाल, २९ जूनला घेतलेला डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, चिंगीचे फोटो आणि मालकाचं घोषणापत्र. १ जुलैला सोमवारी तिला घेऊन गेलो. चिप स्कॅन केली, अंग तपासलं, तारखा एकेक करून पुस्तिकेशी जुळवल्या, आणि दुपारनंतर प्रत्येक पानावर शिक्का बसलेला दाखला हातात आला. मधे एका रकान्यात कुत्रीचा रंग पुस्तिकेत 'तपकिरी' आणि फॉर्ममध्ये 'फॉन' असा वेगळा निघाला, तो तिथल्या मॅडमनी जागीच सारखा करायला लावला. नाव, रंग, जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच शब्दांत ठेवा.

२ जुलैला संध्याकाळी सहाला हलकं जेवण, नंतर फक्त पाणी. टर्मिनल दोनवर उड्डाणाच्या चार तास आधी पोहोचलो. सुरक्षा तपासणीत कुत्र्याला बाहेर काढून रिकामा पिंजरा एक्स-रेमधून नेतात, म्हणून पट्टा आणि साखळी हातातच ठेवा. पिंजऱ्याचं दार प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात, त्याही चार-सहा खिशात असू द्या. कागदांचा एक झेरॉक्स संच पारदर्शक पिशवीत पिंजऱ्यावर चिकटवला, मूळ संच हातातल्या बॅगेत. पिंजरा पट्ट्यावरून आत गेला तेव्हा मला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही.

फ्रँकफर्टला कस्टमच्या लाल मार्गाने जायचं. पशुवैद्यकांनी चिप वाचली, टायटरच्या अहवालावरची रक्ताची तारीख आणि दाखल्याची तारीख बघितली, आणि अर्ध्या तासात चिंगी बाहेर होती. पुढच्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांकडून युरोपीय पासपोर्ट काढला आणि नगरपालिकेत कुत्र्याचा कर भरायला नाव नोंदवलं.

एकूण खर्च ८५ हजारांच्या आसपास. एजंटांनी सगळं मिळून दीड ते सव्वादोन लाख सांगितले होते. वेळ अजिबात नसेल तर एजंट घ्या, पण चिप, लस आणि रक्त हे स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

दुसऱ्या देशांचं गणित वेगळं आहे. ब्रिटनला प्राणी मालवाहतुकीनेच न्यावा लागतो आणि कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरांच्या हातून पट्टकृमीचं (टेपवर्मचं) औषध द्यावं लागतं. आयर्लंड, माल्टा, फिनलंड, नॉर्वे यांनाही तेच औषध. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांचे नियम कडक केले आहेत. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट प्राणी घेत नाही.

आणि टायटरचा अहवाल फेकू नका. रेबीजची पुढची लस आधीच्या लसीची मुदत संपण्याआधी दिली जात राहिली तर हा एकच अहवाल प्राण्याच्या आयुष्यभर चालतो. चिंगीची मुदत १६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत होती, बूस्टर जानेवारीतच दिला. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा लस, रक्त आणि तीन महिने. परत भारतात आणायचं झालं तर विमानात बसण्याआधी एक्यूसीएसची आयातीची एनओसी लागते, आणि उतरायचं ते ठरवून दिलेल्या विमानतळांपैकी एकावर.